सातवा रकाना : जिताड्याची चव

१७ फेब्रुवारी १९७५, सोमवार

रकाना सातवा – चव. आणि तो म्हणे मी भरायचा!

पुण्याहून मत्स्यपालन योजनेचे छापील तक्ते आलेत. एक, तळ्याचा मालक. दोन, पाण्याचा खारेपणा. तीन, खाद्य. चार, वजन. पाच, मरतूक. सहा, पकडण्याची व मारण्याची पद्धत. आणि सात. साहेबांना म्हटलं, "साहेब, मी जैन. आमच्या घरात कांदासुद्धा येत नाही. माशाची चव मी कशी लिहू?" साहेब म्हणाले, "खा कोण म्हणतंय? लिहा. मी कधी साखर कारखाना चालवलाय? तरी त्याच्यावर टिपण लिहितोच की."

शेतकीचा डिप्लोमा झाला तेव्हा वाटलं होतं, हळद नाहीतर ऊस वाट्याला येईल. आले मासे. तेही समुद्राचे, आणि तेही सांगलीत. आईला "पाण्याच्या खात्यात आहे" एवढंच सांगितलंय. ती समजते पाटबंधारे. मी तसंच राहू दिलंय.

२० फेब्रुवारी, गुरुवार

नाथाजी सुभेदारांच्या मळ्यावर गेलो. आष्ट्याच्या अलीकडं उतरायचं, मग दोन मैल चालत. एके काळी इथं पुरुषभर उंचीचा ऊस. पाणी पाजपाजून जमिनीला मीठ फुटलं, आता सगळं पांढरं. चालताना पायाखाली पापड मोडल्यासारखा आवाज येतो. असली जमीन लोक सोडून देतात. सुभेदारांनी तिथं तळं खणलं.

"पानी खारं झालंय न्हवं? मग खाऱ्या पान्यात जे ऱ्हातं ते आनायचं. शिंपल हाय," म्हणाले.

त्यांची पलटण कोचीनकडं होती तेव्हा त्यांनी हा मासा खाल्ला – जिताडा. समुद्राचा, पण खाडीत शिरतो, गोड्या पाण्यातही तग धरतो. मागच्या जुलैत पेणच्या खाडीवरनं पाचशे पिल्लं आणली. घागरीतनं, एस.टी.नं. जीव गुदमरू नये म्हणून सगळ्या वाटेनं हातानं पाणी ढवळत होते. कंडक्टरनं विचारलं, घागरीत काय? तर म्हणाले, "रिक्रूट."

आज मोजदाद केली. एकशे ऐंशी. बाकीचे रोगानं मेले नाहीत, मोठ्यांनी बारके खाल्ले. मरतुकीच्या रकान्यात काय लिहू म्हणून विचारलं. सुभेदार पाण्याकडं वळले. म्हणाले, "आपसात झालंय ते. भाईर जाऊ देऊ नका."

२४ फेब्रुवारी, सोमवार

जीभ मिळाली. बनुबाई. नवरा अलिबागच्या बंदरावर हमाल होता. वीस वर्षं तिथं काढली, तो गेल्यावर माहेरी परत आली. आष्ट्याच्या बाजारात सुकट-बोंबील विकते. जिताडा म्हटल्याबरोबर उठून उभी राहिली.

"हितं? आवं, अलिबागला जावई आला तरच त्यो चुलीवर चढायचा!"

यायला तयार झाली. अट एकच – "सायेब, तुमी म्होरं बसायचं. मानूस म्होरं नसलं की घास माज्या घशाखाली उतरत न्हाई."

सुभेदारांच्या मंडळी रंगूबाई मासा घरात शिजवू देत नाहीत. म्हणून इंजिनाच्या खोपटात तीन दगड मांडले. स्वयंपाक खुद्द सुभेदारांनी केला, पण पेन्शनीत आल्यापासून रंगूबाईंच्या शपथेमुळं ते स्वतः खात नाहीत. पाणी, मीठ, चिमूटभर हळद, बस्स. मसाला घातला तर मसाल्याचीच चव कळणार. मी नाकाला रुमाल लावणार होतो, पण म्हातारं माणूस समोर जेवत असताना ते बरं दिसेना. झाकण काढल्यावर वाफ आली – विहिरीचा गाळ उपसताना येतो तसला वास. माझं तोंड वाकडं झालं असणार. बनुबाईनं घास घोळवला, वर बघितलं आणि म्हणाली, "चिखल."

सुभेदार पलीकडं तोंड करून भांडी आवरू लागले.

२६ फेब्रुवारी, बुधवार

सातव्या रकान्यात मी 'चिखल' लिहिलं होतं. साहेबांनी खोडून 'मृद्गंधयुक्त' केलं.

१४ मार्च, शुक्रवार

खाद्य बदललं. आधी शेंगपेंड आणि मिळेल ते. आता नुसती शेंगपेंड, भरपूर. मासे फुगले. आज एक शिजवला तर वर बोटभर तेलाचा तवंग आणि वास थेट वखार भागातल्या पेंडीच्या गोदामाचा. बनुबाई म्हणाली, "पेंड खाल्ल्यावानी लागतंय." सुभेदार म्हणाले, "पेंड घातली तर पेंडच लागनार, बासुंदी कशी लागंल?" मग स्वतःच पेंडीचं पोतं बाजूला सारलं. म्हणजे जे पोटात जातं तेच मांसात उतरतं. हे मला हळदीच्या खतावरनं कळायला हवं होतं.

ठरलं – आजपासून पेंड बंद. नदीची बारकी मासळी, खेकडे.

१९ मार्च, बुधवार

सुभेदारांनी मांस गोड व्हावं म्हणून खाद्यात काकवी घातली. मासे आले नाहीत. मुंग्या आल्या.

७ एप्रिल, सोमवार

पेंडीचा वास गेला. पण मांस लिबलिबीत, पाण्यात पडलेल्या भाकरीसारखं. चमच्यानं उचललं तर गळून पडतं – हे मला बघूनच दिसलं, बनुबाईनंही तेच सांगितलं.

सुभेदार विचारात पडले. समुद्रात मासा दिवसभर लाटेशी झगडतो. इथं खातो आणि पडून राहतो. "बराकीत बसून खानाऱ्या शिपायाचं जे हुतं ते झालंय. ह्येंची पी.टी. घ्याया पायजे."

मला वाटलं, थट्टा करतायत.

१६ एप्रिल, बुधवार

थट्टा नव्हती. तळ्याच्या कडेला इंजिन बसवलंय. पाण्याचा लोट तिरका सोडला की सगळं तळं गोल फिरायला लागतं. मासे प्रवाहाच्या उलट तोंड करून रांगेत उभे राहतात आणि जागच्या जागी पोहत राहतात. सकाळी सहाला शिट्टी, साडेसहापर्यंत पी.टी., मग राशन. रविवारी सुट्टी. आठवड्याभरात माशांना शिट्टी कळायला लागली. सुभेदार खाकी हाफपँट घालून काठावर उभे राहतात, सुस्त माशाला ओळखून दम देतात.

गावातनं माणसं बघायला येतात. हसतात, पण शेवटपर्यंत थांबतात.

साहेबांच्या सांगण्यावरनं बारा मासे बाजूच्या डबक्यात जुन्या पद्धतीनं ठेवलेत – चिखल, पेंड, आराम. तुलनेसाठी.

१२ मे, सोमवार

मांस घट्ट झालं. पाकळ्या सुटतात. बनुबाई म्हणाली, "आता दाताला लागतंय काय तरी." पण वर आंबूस झाक आहे.

आज मी पहिल्यांदा मासा मारताना पाठ फिरवली नाही. त्याआधी तीन महिने फिरवत होतो, पण आवाज तर यायचाच – काठावर टाकायचे आणि तो अर्धा अर्धा तास तडफडायचा. आज बघितलं आणि राहवलं नाही. सुभेदारांना म्हटलं, ह्याला असं हाल करून मारू नका. ते म्हणाले, "मासा हाय त्यो, मदनराव." मग मी पुण्याहून आलेलं चोपडं काढलं. त्यात लिहिलंय की तडफडून मेलेल्या माशाचं मांस सैल पडतं, लवकर आंबतं. पाण्यातनं काढल्याबरोबर बर्फाच्या पाण्यात टाकला तर चव राहते. हे ऐकल्यावर सुभेदार लगेच उठले. उद्यापासून मिरजेहून बर्फाची लादी.

मी जिवाचे हाल होऊ नयेत म्हणून सांगितलं, ते चवीसाठी ऐकले. रकाना सहा भरून झाला. माझ्या वाट्याचं पाप कुठल्या रकान्यात लिहायचं, ते छापलेलं नाही.

२ जून, सोमवार

आंबूसपणा गेला. बनुबाई आज दोन घास जास्त जेवली.

८ जुलै, मंगळवार

आणीबाणी लागल्यापासून ऑफिसात सगळे साडेदहाच्या ठोक्याला हजर. कामं होत नाहीत, पण हजर. वरनं पत्र आलंय: ऑक्टोबरात पुण्याचे मोठे साहेब येणार, तोवर योजना यशस्वी करून ठेवावी. आमचे साहेब म्हणाले, "यशस्वी लिहून टाका. काय यशस्वी झालं ते मागनं बघू."

२२ जुलै, मंगळवार

सुभेदारांचा शेजारी बिराप्पा बांधावर वाट बघत उभा होता. त्याचं सात एकर पांढरं पडलंय. शिकलेला नाही पण विचारतो नेमकं. म्हणाला, "मदनसायेब, हसाया लय जन येत्यात, मी हसाया आलो न्हाई. खरं सांगा, ह्यो मासा खायाजोगा हुतो का? हुत आसंल तर मी बी तळं खनतो. पर आदी मला कळलं पायजे – पी.टी. न्हाई घेतली तर चालंल का? बरफ न्हाई आनला तर?"

मी म्हटलं, "ऑक्टोबरपर्यंत थांबा. पक्कं काय ते तेव्हा सांगतो."

त्याच्यासारखे आणखी वीस-बावीस जण आहेत, म्हणे. सगळे माझ्या सातव्या रकान्याकडं डोळे लावून बसलेत. आज पहिल्यांदा त्या रकान्याची भीती वाटली.

११ ऑगस्ट, सोमवार

चव स्वच्छ झालीय पण फिकी. सुभेदार म्हणाले, आपलं पाणी खारं आहे पण समुद्राएवढं नाही, माशाला घरची सय येत नाही. सय कशानं येणार? मिठानं. वेगळ्या हौदात खडेमीठ टाकून वीस मासे तीन आठवडे ठेवले होते. आज त्यातला शिजवला. वाफेलाच काहीतरी गोडसर – ओल्या नारळाच्या कवटीसारखं. बनुबाईनं घास तोंडात घेतला, माझ्याकडं बघत राहिली आणि हळूच म्हणाली, "गोड हाय. गोड हाय बगा."

सुभेदारांनी टोपी काढून डोळे पुसले. मग म्हणाले, चुलीचा धूर.

२४ ऑगस्ट, रविवार

घरी कळलं.

आई बाजारात गेली होती, तिथं बनुबाई भेटली. सुकटीचा माल न्यायला सांगलीला आली होती. बोलता बोलता ही माझी आई हे कळल्यावर तिचे हात धरून म्हणाली, "मावली, तुमच्या ल्येकावानी माशाचं कळनारा मानूस आख्ख्या जिल्ह्यात न्हाई!"

आई घरी येऊन अंघोळ करून देवापुढं बसली, ती दुपारपर्यंत उठली नाही. मी दाराशी उभा राहून शपथेवर सांगितलं – आई, एक कण तोंडात घातला नाही. ती म्हणाली, "मग तुला कळतं कसं?" मी म्हटलं, मला कळत नाही, कळतं ते बनुबाईला, मी नुसता लिहितो.

अण्णा हळदीच्या अडतीवरनं आले. सगळं ऐकून घेतलं. आईला म्हणाले, "मी तीस वर्षं हळकुंड मोडून हुंगून भाव सांगतोय. कधी पोतंभर हळद खाल्ली का?" आई म्हणाली, "हळद आणि मासा एकच का?" अण्णांनी टोपी काढून खुंटीला लावली.

आईनं माझं ताट वेगळं केलंय.

१० सप्टेंबर, बुधवार

पर्यूषण सुरू झालं. दहा दिवस मी एकभुक्त राहणार आहे. आईच्या मनातलं थोडं तरी निवळेल.

अजून एक बाकी होतं. मिठानं गोडवा आला, पण अगदी शेवटी गाळाची पुसटशी आठवण राहतेच. मीच सुभेदारांना म्हटलं – पोट साफ नसेल तर चव कशी साफ येईल? धरण्याआधी दहा दिवस स्वच्छ खाऱ्या पाण्यात ठेवा आणि खायला काही घालू नका.

सुभेदार म्हणाले, "म्हंजे तुमच्यासंगं त्येंचा बी उपास?"

म्हटलं, हो. फक्त त्यांचा कडक.

२० सप्टेंबर, शनिवार

उपास सुटला. माझा घरी सुटला. आईनं स्वतः वाढलं, माझं ताट परत ओळीत आलंय. माशांचा कसा सुटला ते लिहायला नको.

शिजवल्यावर गाळ नाही, पेंड नाही, आंबूस नाही. वाफ इतकी निर्मळ की मी क्षणभर विसरलो हे काय आहे. बनुबाई घास घोळवत माझ्याकडं बघत होती. मी विचारलं, "काय लागतंय, मावशी?" म्हणाली, "मासा. निस्ता मासा."

सातवा रकाना: मासा.

८ ऑक्टोबर, बुधवार

काय झालं ते क्रमानं लिहितो, नाहीतर उद्या माझाच विश्वास बसणार नाही.

दोन जीपगाड्या आल्या. मोठे साहेब, त्यांचे दोन दुय्यम, आमचे साहेब. तीन ताटं ठरली होती. अ – रत्नागिरीहून बर्फात आणलेला खऱ्या समुद्राचा जिताडा. ब – सुभेदारांचा: पी.टी., मीठ, उपास, बर्फ सगळं झालेला. क – डबक्यातला जुन्या पद्धतीचा. कोणतं काय हे फक्त मला आणि सुभेदारांना माहीत.

आणि मग कळलं की चाखायला कोणी नाही. नवरात्र! मोठ्या साहेबांचा नऊ दिवस उपास. एका दुय्यमांचाही उपास, दुसऱ्यांच्या घरी घट, म्हणून वर्ज्य. आमच्या साहेबांचं पोट बिघडलेलं. दोन्ही ड्रायव्हर माळकरी. मासे बघायला आलेल्या आख्ख्या लवाजम्यात मासा खाणारी एकटी बनुबाई.

मोठे साहेब म्हणाले, "ठीक आहे, बाईंचं मत नोंदवू." माझ्याकडं वळून म्हणाले, "तुम्ही इथं थांबू नका. वर्षभर ह्या तळ्यावर आहात, पक्षपात होतो." बनुबाई म्हणाली, "सायेब म्होरं नसलं तर मला..." ते म्हणाले, "मी बसतो समोर."

मी इंजिनामागं जाऊन उभा राहिलो. ताटं उघडल्याचं वासावरनं कळत होतं. पहिलं अ, समुद्राचा. मासा चांगला, पण दोन दिवस बर्फात काढल्यानं वास उग्र झालेला. मग ब, आमचा. तो वास आता मी कुठंही ओळखेन. मग क. चिखल. मनात म्हटलं, जमलं.

आतलं मला नंतर सुभेदारांनी सांगितलं. पहिलं ताट आलं तेव्हा साहेबांनी नाकाला रुमाल लावला. बनुबाई म्हणाली, "चिखल." दुसऱ्या ताटाच्या वेळी साहेब घड्याळ बघत होते. ती म्हणाली, "कायच न्हाई. फिकं." तिसऱ्याच्या वेळी रंगूबाईंनी साहेबांसाठी साबुदाण्याची खिचडी आणली. साहेब प्रसन्न झाले. बनुबाईनं मान डोलावली, "ह्यो खरा समुद्राचा. गोड हाय."

कोणतं ताट कुठलं ते सुभेदारांनी सांगितल्यावर साहेबांनी जागच्या जागी शेरा लिहिला: जुन्या पद्धतीनं वाढवलेला मासा समुद्रातल्या माशापेक्षाही सरस. कोणत्याही विशेष पद्धतीची गरज नाही. योजना संपूर्ण यशस्वी.

टाळ्या वाजल्या. सुभेदार अटेन्शनमध्ये उभे होते.

९ ऑक्टोबर, गुरुवार

सकाळी सहाला मळ्यावर गेलो. सुभेदार साध्या धोतरात काठावर बसलेले. इंजिन बंद. शिट्टी वाजवली नाही. तरी मासे येऊन रांगेत उभे राहिले होते. आम्ही दोघं बघत राहिलो. सुभेदार म्हणाले, "मदनराव, बाई खोटं बोलायची न्हाई. मंग आपलंच चुकलं असंल."

१२ ऑक्टोबर, रविवार

बिराप्पानं खणायला सुरुवात केलीय. शेऱ्याची बातमी त्याच्यापर्यंत पोचली – काही करायला नको, डबकं आणि पेंड पुरे. मी धावत जाऊन सांगितलं, असं करू नका, तो मासा चिखल लागतो, कोणी दुसऱ्यांदा घेणार नाही, सुभेदारांनी केलं तसंच करा. तो कुदळ टेकवून उभा राहिला.

"तुमी खाऊन बगितलाय?"

"नाही."

"मंग?"

मी वही पुढं केली; त्यानं परत कुदळ उचलली.

तक्ता रवाना व्हायचाय. साहेब म्हणतात, मोठ्या साहेबांच्या शेऱ्याबरहुकूम रकाना भरा. माझ्याकडं फेब्रुवारीपासूनची वही आहे, प्रत्येक घासाची नोंद. तीच खरी. मग बुधवारीच बनुबाईची जीभ का फिरली? कोणी दम दिला असेल का तिला?

१९ ऑक्टोबर, रविवार

बनुबाईच्या घरी गेलो. अंगणात बसून सुकट निवडत होती. विचारलं, मावशी, कोणाला भ्यालात का त्या दिवशी? तिनं सूप खाली ठेवलं.

"कुनाला भ्याची न्हाई मी. तीन वर्सामागं इषमज्वर झाला बगा, तवापास्नं जिभंला कायच कळंना. मीठ बी न्हाई. गावात कसं सांगायचं? सुकट कोन घेतंय मग?"

"मग इतके महिने मला कसं सांगत होता?"

"तुमच्या तोंडाकडं बगून. ताट उगडलं की तुमच्या तोंडावर समदं लिवल्यालं असायचं. चिखल, पेंड, गोड – मी निस्तं वाचून दावायची." मग जरा घाबरून माझ्याकडं बघितलं. "सायेब, मला वाटलं, तुमाला ठावं हाय."